नुसतं ‘नॉर्मल’ लिहून पेशंटला वाटेला लावू नका

“टीएसएच नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच टेन्शन घेऊ नका.” हे वाक्य यापुढे आपल्या ओपीडीत कुणी उच्चारलं, तर त्याला मी पेशंटसमोरच खुर्चीवरून उठवीन. मग तो सीनियर रेसिडेंट असो, नाहीतर कालच रुजू झालेला इंटर्न. कालच्या त्या केसपेपरवर कुणाचं अक्षर आहे हे मी शोधत बसणार नाही, कारण तिथे तुमच्यातल्या निम्म्यांची अक्षरं आहेत.

बाई ४४ वर्षांच्या. थायरॉइड कमी म्हणून ११ वर्षं थायरॉक्सिनची गोळी चालू आहे, सध्या १०० मायक्रोग्रॅम. गेल्या चार वर्षांची पानं मी उलटून पाहिली. जवळजवळ प्रत्येक पानावर टीएसएचचा आकडा, त्यापुढे बरोबरची खूण, खाली ‘तीच गोळी चालू, तीन महिन्यांनी या’. बाईंना काय होतंय याची एक ओळ नाही. मी विचारलं, तर त्या सांगायलाच कचरत होत्या. दर वेळी सांगून ज्याला गप्प बसवलं जातं, तो माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं. सकाळी उठतानाच अंग मोडून आलेलं असतं. एक जिना चढवत नाही. केस मुठीमुठीने जातात. दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. घरच्यांना त्या कामचुकार वाटतात, आणि आता त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलंय. घरचे म्हणतात, डॉक्टरांनीच सांगितलंय ना, तुला काही नाही म्हणून! त्यांच्या हातात हा पुरावा कुणी दिला? तुम्ही दिलात, सही-शिक्क्यासकट.

मी त्यांना एकच साधा प्रश्न विचारला. गोळी कशी घेता? चार वर्षांत तुमच्यातल्या एकालाही तो सुचला नाही. ऐका काय उत्तर आलं ते. पहाटे पाचला पाणी येतं म्हणून त्या उठतात. पाणी भरता भरता चहा टाकतात आणि चहाबरोबर गोळी घेतात, सोबत दोन बिस्किटं. अर्ध्या तासाने कॅल्शियमची गोळी, जी आपल्याच अस्थिरोग विभागाने दिली आहे. तिच्याबरोबर लोहाची, जी स्त्रीरोग विभागाने दिली आहे. संकष्टीला आणि एकादशीला थायरॉइडची गोळी बंद, कारण उपासाला औषध चालतं का हे कुणी सांगितलं नाही. गोळ्यांची बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर, म्हणजे रोजची धग आणि वाफ तिच्यावर. एवढी सगळी माहिती एका प्रश्नात मिळाली. आता मला सांगा, वेळ नाही म्हणजे नेमका कशाला वेळ नाही?

परीक्षेत हेच विचारलं तर तुम्ही पानभर लिहाल. थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं. रिकाम्या पोटी घेतलं तर डोसाच्या साधारण ६० ते ८० टक्के आत जातं. चहा-कॉफीने ते घटतं. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेतल्या, जठराला जुनी सूज असली, तरी शोषण कमी होतं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मग ते पेशंटपर्यंत का पोचत नाही? “सकाळी उपाशीपोटी घ्या” एवढं पुटपुटून तुम्ही मोकळे होता. उपाशीपोटी म्हणजे फक्त पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, हे कुणी सांगायचं? आणि जिला पहाटे पाचपासून पाणी, डबे, शाळेची व्हॅन यांच्यामागे धावायचं आहे, तिला तो एक तास मिळत नसेल, तर दुसरी वाट कुणी दाखवायची? रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली गोळीही चालते. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका चाचणीत तर रात्रीच्या गोळीने टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा अधिक खाली आलं. हे वाचलेलं असून ज्याने त्या बाईंना सांगितलं नाही, त्याने वाचलं कशासाठी?

आता तुमच्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल, मॅडम, एवढं होऊनही टीएसएच नॉर्मलच आहे, मग बिघडलं कुठे? बसा, आणि नीट ऐका. एक तर पहिल्या पानावर डोस ५० होता, मग ७५, मग १००. गोळी चहात वाया जात होती, आणि ते न विचारता तुम्ही डोस चढवत गेलात. उद्या याच बाई गोळी नीट घेऊ लागल्या, तर हाच १०० त्यांना जास्त होऊ शकतो. म्हणजे घेण्याची पद्धत बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला हवं. सहा ते आठच का? थायरॉक्सिनचं अर्धआयुष्य साधारण सात दिवसांचं आहे, रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढा काळ लागतो, आणि टीएसएच तिच्याही मागून सरकतं. दोन आठवड्यांनी तपासणी लिहून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. केस गळतात म्हणून बाई गेले सहा महिने औषधांच्या दुकानातून बायोटिनची गोळी आणून घेताहेत, १० मिलिग्रॅमची. दुकानदाराने दिली, यांनी घेतली. तुम्ही विचारलंत? बऱ्याच प्रयोगशाळांतल्या यंत्रांची थायरॉइडची तपासणी बायोटिनच्याच आधारावर चालते. रक्तात त्याचा भार असला, की टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, खोटंच जास्त दिसतं. म्हणजे ज्या आकड्यापुढे तुम्ही बरोबरची खूण केलीत, तो आकडाच विश्वासाचा नव्हता. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगायचं असतं. रक्त द्यायच्या दिवशी थायरॉइडची गोळीही रक्त दिल्यावर घ्यायची असते, कारण गोळीनंतरच्या काही तासांत टी-४ वर चढलेलं दिसतं. तेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आकडा खरा असला तरी ‘नॉर्मल’ म्हणजे कुणाचं नॉर्मल? रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ०.४ ते ४ ची मर्यादा हजारो लोकांची मिळून काढलेली असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं गेलं, ते निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाचे स्वतःचे आकडे त्या छापील मर्यादेच्या साधारण निम्म्या पट्ट्यातच फिरत होते, आणि प्रत्येकाचा पट्टा वेगळा होता. म्हणजे आजारापूर्वी जिचं टीएसएच एकच्या आसपास असेल, तिला ३.८ वर ठेवून ‘नॉर्मल’ म्हणणं हे उत्तर पुरेसं नाही. तरुण पेशंट असेल, हृदयविकार नसेल, तक्रारी असतील, तर मर्यादेच्या आत राहूनच डोस थोडा हलवून पाहता येतो. पण म्हणून तक्रार आली की गोळी वाढव, हाही तितकाच मोठा आळस आहे. टीएसएच ०.१ च्या खाली दाबून ठेवलं, की वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजू शकतात. परवा वॉर्डात धडधड होते म्हणून दाखल झालेल्या आजींना ही भेट आपल्याच लोकांनी दिली होती. थकवा जातो का पाहू म्हणून दोनदा गोळी वाढवली होती, आणि मधे एकदाही तपासणी नव्हती.

मला तुमचा याहून जास्त राग आहे तो दुसरा आजार न शोधण्याबद्दल. थायरॉइडचं लेबल एकदा लागलं, की त्या माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही असं तुम्ही धरून चालता. या बाईंची पाळी आठ-आठ दिवस जाते. हिमोग्लोबिन १०.२ असल्याचं आपल्याच पेपरवर लिहिलेलं आहे. फेरिटिन? कधीच केलेलं नाही. लोह घटलं की थकवा येतो, केस गळतात, दम लागतो, लक्ष लागत नाही. म्हणजे तुम्ही ज्या तक्रारी ‘टेन्शन’च्या खात्यात टाकल्यात, त्यातल्या अर्ध्या इथेच सापडतील. लोहाची गोळी मिळाली ती थायरॉक्सिनच्या पाठोपाठ घेतली जात होती, चहा अजून पोटात असताना. चहा लोहालाही अडवतो. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, बी-१२ पाहिलं का? हाशिमोटोच्या आजारात शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं, आणि अशा माणसाला त्याच जातीचा दुसरा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. बी-१२ शोषू न देणारा जठराचा आजार, गव्हाने होणारा सीलिॲक, पहिल्या प्रकारचा मधुमेह, ॲडिसन. ही नावं तुम्ही वायव्हात घडाघडा म्हणता. त्या खुर्चीवर माणूस बसला की ती कुठे जातात? त्या रात्री घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे त्यांच्या नवऱ्याला विचारलं का? तो बाहेर बाकड्यावरच बसला होता. मी आत बोलावलं, तेव्हा त्याने एका मिनिटात सांगितलं, की दोन वर्षं त्या मोठ्याने घोरताहेत आणि मधेच दचकून उठतात. झोपेची तपासणी आता आपण करणार आहोत. ती दोन वर्षं आधी व्हायला हवी होती.

आणि मन. हो, नैराश्यानेही थकवा येतो, विसराळूपणा येतो, रडू येतं. थायरॉइड आणि नैराश्य पुष्कळदा एकाच घरात राहतात. तशी शंका आली तर नीट प्रश्न विचारा, प्रश्नावली भरून घ्या, मानसोपचार विभागाला व्यवस्थित पत्र लिहा. नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. ‘टेन्शन घेऊ नका’ हे त्या आजाराचं निदानही नाही आणि उपचारही नाही. ते पेशंटला दाराबाहेर काढण्याचं वाक्य आहे.

आता एक प्रश्न मी विचारणार आहे आणि उत्तर ऐकून मला लाज वाटू नये अशी इच्छा आहे. बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई. नंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, वर्षानुवर्षं गळून गेलेली. टीएसएच मर्यादेच्या आत. तुम्ही काय लिहाल? नॉर्मल? इथे मेंदूच्या तळाची पिच्युटरी ग्रंथीच मेलेली असते. शीहान सिंड्रोम. टीएसएच तिथूनच येतं, त्यामुळे ते वाचून काहीही कळत नाही, फ्री टी-४ पाहावं लागतं. आणि कॉर्टिसोल न तपासता, ते भरून न काढता थायरॉक्सिन सुरू केलं किंवा वाढवलं, तर ती बाई ॲड्रीनलच्या संकटात जाऊन दगावू शकते. आपल्या देशात अजूनही घरी बाळंतपणं होतात, अजूनही बायकांचं रक्त वाहून जातं, आणि हा आजार अजूनही दिसतो. “बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का, दूध आलं होतं का” हे दोन प्रश्न ज्याला जड वाटतात, त्याने ही शाखा सोडावी.

काही पेशंटांमध्ये उलटी गोष्ट असते. गोळीची गरजच नव्हती. बाळंतपणानंतर चार-पाच महिन्यांनी कुणीतरी टीएसएच केलं, साडेसहा आलं, गोळी सुरू झाली, ‘आता जन्मभर’ असं सांगितलं गेलं. बाळंतपणानंतरची ग्रंथीची सूज बऱ्याच जणींमध्ये वर्षभरात ओसरते. किंचित वाढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर पुष्कळदा आपसूक जागेवर आलेलं असतं. ६५ वर्षांवरच्या ७३७ माणसांवर युरोपात झालेली एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी थायरॉक्सिन दिलं, तरी त्यांचा थकवा किंवा इतर तक्रारी नकली गोळीपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. अशा माणसाचा थकवा गोळीने गेला नाही यात नवल नाही, तो थायरॉइडचा नव्हताच. म्हणून जुना पेशंट आला, की पहिलं पान उघडा. निदान कशावर झालं, तपासणी दुसऱ्यांदा झाली होती का, टीपीओ प्रतिपिंडं पाहिली होती का. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका, मला विचारा.

हे सगळं करून, सगळं तपासून, सगळं दुरुस्त करूनही काही माणसं उरतात. थायरॉक्सिन घेणाऱ्यांत अशांचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के सांगितलं जातं. भारतातल्या आठ शहरांत झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर १०० प्रौढांमागे जवळपास ११ जणांना कमी थायरॉइडचा विकार आढळला होता. आता ते पाच-दहा टक्के म्हणजे आपल्या देशात किती माणसं होतात, याचा हिशोब ज्याने त्याने घरी जाऊन करावा आणि मग ठरवावं, की एवढ्या माणसांना आपण खोटं बोलणारे म्हणणार आहोत का.

यांच्याबाबत विज्ञानाने हात वर केलेले नाहीत, तुम्ही वाचणं सोडलंय. ग्रंथी टी-४ बरोबर थोडं टी-३ ही थेट रक्तात सोडते. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-३ मात्र बाहेर, वेगवेगळ्या अवयवांत, टी-४ पासून तयार होतं. टी-४ हे कोठीतलं धान्य आहे आणि टी-३ ताटातली भाकरी, पेशींना लागते ती भाकरी. आपण गोळीतून फक्त धान्य देतो आणि दळून-भाजून घेण्याचं काम शरीरावर सोडतो. बहुतेकांचं शरीर ते करतं. काहींच्या शरीरात ते कमी पडत असावं, अशी शंका वाजवी आहे. १९९९ साली एका छोट्या चाचणीत, फक्त ३३ पेशंटांमध्ये, टी-४ च्या थोड्या भागाऐवजी टी-३ दिलं आणि त्यांची मनःस्थिती सुधारली. सगळं जग आनंदलं. पुढे ११ चाचण्या एकत्र करून १,२१६ पेशंटांचा हिशोब २००६ साली मांडला, तेव्हा फरक दिसला नाही. तरी काही चाचण्यांत कोणती गोळी कोणती हे माहीत नसलेल्या पेशंटांनी टी-४ आणि टी-३ ची जोडगोळीच जास्त पसंत केली. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. युरोपच्या थायरॉइड संघटनेने २०१२ साली एवढीच मुभा दिली, की इतर सगळी कारणं तपासून झाल्यावर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जोडगोळी प्रयोग म्हणून देऊन पाहावी आणि तीन महिन्यांत गुण आला नाही तर थांबवावी. गर्भार बाईला नाही, हृदयाचे ठोके चुकणाऱ्याला नाही. हे तुमच्या पातळीवर कुणी लिहून द्यायचं नाही. पण पेशंटने विचारलं, तर “असलं काही नसतं” असंही म्हणायचं नाही.

१८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या काळात टीएसएच नव्हतं. थायरॉक्सिन वेगळं काढायला अजून २३ वर्षं होती. त्याने पाहिलं ते तिच्या चेहऱ्याची सूज उतरते का, बोलणं सुटतं का, घाम येतो का, चालणं सुधारतं का, हे. त्यावरूनच उपचार चालले, आणि ती बाई पुढे २८ वर्षं जगली. तुमच्याकडे यंत्र आहे, प्रयोगशाळा आहे, फोनवर रिपोर्ट येतो. तरी कालच्या बाईंची मान कुणी मागे उभं राहून चाचपली नव्हती. घोट्यामागे हातोडी मारून पाय सावकाश परततो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. नाडीसुद्धा चार वर्षांच्या पानांत एकदाच लिहिलेली आहे.

वजनाबद्दल एक सांगते, कारण तिथे तुम्ही सगळ्यात जास्त कठोर होता. कमी थायरॉइडने सहसा दोन ते पाच किलो वाढतात आणि त्यातला बराच भाग पाणी आणि क्षार यांचा असतो. पेशंटचं वजन १५ किलोंनी वाढलं असेल, तर ते गोळीने उतरणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सरळ सांगा. आशा दाखवून मग ‘तुम्हीच खाता’ म्हणून हिणवू नका.

पेशंटशी बोलायचं कसं हेही शिकवावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण शिकवते. “तुमची ही तपासणी ठीक आहे. तुम्हाला त्रास होतोय, हेही खरं आहे. त्याचं कारण आपण शोधू. गोळी कशी घेता ते आधी सांगा.” एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. ओपीडीत दीडशे पेशंट असतात हे मला ठाऊक आहे, मी त्याच ओपीडीत बसते. पण तोच माणूस दर तीन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन चार वर्षं येत राहिला, यात तुमचा वेळ वाचला की गेला?

सोमवारपासून थायरॉइडच्या प्रत्येक केसपेपरवर पेशंटच्या शब्दांतली तक्रार, नाडी, मानेची तपासणी, निदानाच्या वेळचा टीएसएच, गोळी कधी आणि कशाबरोबर घेतात, आणि सोबतच्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, हे लिहिलेलं असलं पाहिजे. ज्या पेपरवर हे नसेल, तो मी सही न करता परत पाठवीन, आणि तो लिहिणाऱ्याने पेशंटला पुन्हा आत बोलावून माझ्यासमोर लिहायचा.